भूमिका भरल्या आहेत, वाचनाला या!

गणपती जवळ आले की बंगळुरूतल्या मराठी मंडळींना नाटकाचे वेध लागतात. व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो : ‘हौशी कलाकार हवेत, रविवारी वाचनाला या.’ व्हाइटफील्डचा एखादा उत्साही इसम ट्रॅफिकशी झुंजत पोहोचतो, तो नायक, नायिका आणि सासू यांच्यापुढे नावे लागलेली. गेल्या वर्षीचीच! उरलेला असतो पोस्टमन. वाक्ये दोन, त्यातले एक विंगेतून.

याला कोणी वशिला म्हणत नाही. ‘टीम जमलेली आहे’, ‘तालमींना वेळ कमी आहे’ आणि सगळ्यांत सोयीचे कारण म्हणजे ‘उच्चार’. बेळगाव-निपाणीकडच्या किंवा पिढ्यान् पिढ्या इथेच राहिलेल्या माणसाच्या बोलण्यात कानडी हेल डोकावला, की त्याची रवानगी घरगड्याच्या भूमिकेत. नायक म्हणे सदाशिव पेठेतलाच हवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याला निमित्त कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाचे होते, हे मात्र अशा वेळी कोणाला आठवत नाही.

बंगळुरूतच १९५०मध्ये एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मला. शहर बससेवेत कंडक्टरी करता करता तो कानडी पौराणिक नाटकांत दुर्योधन रंगवायचा. पुढे तो रजनीकांत झाला. २०२१मध्ये फाळके पुरस्कार स्वीकारताना त्याने आभार मानले ते राज बहादूर या बसचालक मित्राचेही. आपल्यातला नट याने ओळखला, म्हणून. आपल्या एखाद्या निवड समितीपुढे तो आला असता, तर त्याला दारावर तिकिटे फाडायला बसवले असते. अनुभव होताच!

ओळखीचे नट घेण्यात गैर काही नाही. पदरमोड करून नाटक बसवणाऱ्याला ती मुभा आहेच. पण नाटक सभासदांच्या वर्गणीतून होणार असेल, तर कोणत्या भूमिका भरल्या, कोणत्या रिकाम्या, वाचन कोण ऐकणार आणि निवड कधी कळणार, हे निरोपातच सांगायला हवे. निवडणाऱ्याच्या घरचे कोणी इच्छुक असेल, तर त्या भूमिकेपुरते त्याने बाजूला व्हावे. ज्यांची निवड झाली नाही, त्यांना एक फोन करावा. त्याला हॉलचे भाडे पडत नाही.

जे. पी. नगरचे ‘रंगशंकरा’ नाट्यगृह २००४मध्ये उघडले. तिथे प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, मग तो कोणी का असेना. दार सर्वांना सारखे बंद होते, ही शिस्त प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली. दार सर्वांना सारखे उघडण्याची शिस्त आता नाट्यसंस्थांनी लावून घ्यावी. आणि सगळ्याच भूमिका भरल्या असतील, तर तेही कळवावे. लोकांचा रविवार तरी वाचेल.