हैदराबाद 'झालं' म्हणे!

'झालं' या शब्दाचा मला अलीकडे भयंकर राग यायला लागलाय. हंपी झालं, जयपूर झालं, आता हैदराबादही झालं. झालं म्हणजे काय? तर शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, हायटेक सिटीत हॉटेल घ्यायचं, शनिवार अख्खा फिल्म सिटीत, रविवारी दुपारी एसी रेस्टॉरंटात बिर्याणी, संध्याकाळी चारमिनारसमोर कॅब थांबवून चार फोटो, आणि येताना फ्रूट बिस्किटांचे डबे. सोमवारी हापिसात डबा फिरला की ट्रिप क्लोज. बग क्लोज करतात तशी!

मंडळी, फिल्म सिटीशी माझं भांडण नाही. पण ती शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे. दोन दिवसांपैकी एक तिला दिल्यावर जे उरतं त्याला हैदराबाद कसं म्हणायचं? १५९१ साली महंमद कुली कुतुबशहाने चारमिनार बांधला आणि त्याच्याभोवती हे शहर वसलं. म्हणजे शहर तिथे आहे, आणि आपण वीसेक किलोमीटरवरच्या काचेच्या इमारतींत उतरून, ज्या आपल्याला हिंजवडीत रोज फुकट बघायला मिळतात, शहर बघितलं म्हणून सांगतो.

असं का, विचारलं की तीन उत्तरं येतात.

पहिलं, "वेळ कुठे असतो यार?" हे तर सपशेल खोटं. चारमिनारच्या एक-दीड किलोमीटरच्या परिघात काय काय आहे बघा: गुलजार हौज आणि त्याच्या चार बाजूंच्या चार कमानी, १६९४ साली औरंगजेबाच्या काळात पुरी झालेली मक्का मशीद, लाखेच्या बांगड्यांचा लाड बाजार, निजामाचा चौमहल्ला राजवाडा, पत्थरगट्टीचा बाजार, सालारजंग म्युझियम. शिवाय बादशाही आशुरखाना, ज्याच्या भिंतींवरच्या रंगीत फरशा बघायला युरोपातून माणसं येतात आणि आपली कॅब शेजारून हॉर्न वाजवत जाते. हे सगळं एका दिवसात, पायी होतं. फक्त शुक्रवार टाळा, कारण चौमहल्ला आणि सालारजंग दोन्ही बंद असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत गोवळकोंडा, नंतर जवळच्याच कुतुबशाही कबरी. संपला प्लॅन. एक्सेल शीट लागत नाही.

दुसरं उत्तर, "तिकडे गर्दी फार, पार्किंग नाही." अहो, मग गाडी नेता कशाला? मेट्रोने एमजीबीएसला उतरा, पुढे रिक्षा करा, नंतर चाला. आणि गर्दीचं म्हणाल तर लवकर उठा. सकाळी सातला चारमिनारभोवती निवांत फिरता येतं. हैदराबादचं खाणं तर घड्याळावर चालतं. नहारी-पाया सकाळचा, उशिरा गेलात तर पातेल्याचा तळ दिसेल. शाकाहारी मंडळींनी नाक मुरडायचं कारण नाही, गुलजार हौजच्या बाजूला सकाळी लोण्यात थबथबलेला, वर उपमा घातलेला डोसा मिळतो. मग इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. संध्याकाळी खुबानी का मीठा. हलीम खायची असेल तर रमजानात जा. २०१० साली तिला जीआय मानांकन मिळालं, ते काही फूड कोर्टातल्या हलीमकडे बघून नव्हे. २०१९ मध्ये युनेस्कोने हैदराबादला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हटलं. आणि आपण काय करतो, तर पुण्यात ज्या नावाची बिर्याणी घरपोच येते तीच तिथे जाऊन खातो.

तिसरं उत्तर मात्र आवाज खाली करून येतं. "तो एरिया जरा... कळलं ना?"

हो, कळलं. चांगलंच कळलं. पहिली दोन उत्तरं या तिसऱ्याला झाकायला असतात. पर्स सांभाळा, अनोळखी रिक्षात भाडं आधी ठरवा, हे तुळशीबागेत आणि दादरलाही लागू आहे. त्याला सावधगिरी म्हणतात. पण एका शहराचं हृदयच 'तो एरिया' म्हणून वगळणं, याला दुसरं नाव आहे, आणि ते आपण सुशिक्षित लोक स्वतःसाठी वापरत नाही.

यात मराठी माणसाचा, खास करून मराठवाड्यातल्या माणसाचा आणखी एक हिशेब आहे. नांदेड, परभणी, लातूर, बीड ही मंडळी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. म्हणजे तुमच्या पणजोबांची राजधानी मुंबई नव्हती, ही होती. कोर्टकचेरीला ते इथे येत, पोरं उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकत. रझाकारांच्या आठवणी अनेक घरांत आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. त्या विसरा असं मी म्हणत नाहीये. पण त्या राजवटीचा हिशेब आज चहाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या, आपल्याच वयाच्या पोराकडून वसूल करायचा? आणि तोही त्याच्या गल्लीत पाऊलसुद्धा न टाकता?

एक गोष्ट इंजिनियर मंडळींसाठी. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला आणि शहर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणं झाली. सालारजंगजवळच्या पुलावर उभं राहून मुसीकडे बघितलंत तर हे सगळं डोळ्यांसमोर येतं. 'टॉप टेन'च्या यादीत हा पूल नाही. तिकीटही नाही.

तेव्हा पुढच्या लाँग वीकेंडला हैदराबाद ठरवत असाल तर एवढंच करा: हॉटेल जुन्या शहराच्या जवळपास घ्या, यादीतली निम्मी ठिकाणं खोडा, बूट चांगले घाला आणि दुकानदाराशी दोन शब्द बोला. तुमच्या हिंदीला तो हसेल, त्याच्या दखनीला तुम्ही हसाल, आणि मध्येच 'नक्को' ऐकून दचकाल, कारण ते आपलंच 'नको' आहे. शेकडो वर्षं जुनी ओळख आहे ही. 'झालं' म्हणून मोडू नका.