पालकांची शाळा

लहान मुलांच्या आईबापांसाठी वर्ग काढावा म्हटले की, ‘आमच्या आजीने कोणता वर्ग केला होता?’ असा प्रश्न हटकून येतो. अहो, आजी हाच तो वर्ग होता! आज पुष्कळ घरांत दोघेच, आणि आजी परगावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाच्या छडीस मनाई केली. घराच्या उंबरठ्याआत कायदा क्वचितच पोहोचतो. तेथे हात आवरते ती समजूत, आणि समजूत शिकावी लागते. १९२० साली भावनगरास बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेने ते या विषयाकडे वळले. त्यांना शिकण्याची लाज वाटली नाही; आपणांस का वाटावी? देवळाच्या अग्रशाळेत लग्नांना जागा मिळते, तशी या वर्गालाही मिळावी. आणि पहिल्या रांगेत बापांनी बसावे.