निकेलची लाल माती

जगातील निम्म्याहून अधिक निकेल आज इंडोनेशियातून येते. बराचसा वाटा पोलादाला जातो, बॅटरीचा वाढतो आहे. जानेवारी २०२० पासून कच्च्या खनिजाच्या निर्यातीवर बंदी आली. मग सुलावेसी बेटावर मोरोवालीत भट्ट्या वाढत गेल्या आणि त्यांच्या विजेसाठी कोळशाची केंद्रे. म्हणजे धूर गाडीमागून हलला, इतकेच. जांभ्या थरातील हे खनिज काढताना वरचे जंगल खरवडले जाते. पावसात लाल गाळ नदीवाटे समुद्रात उतरतो. डिचोलीच्या शेतकऱ्याला हे चित्र परके वाटणार नाही. भारतातील अनेक गाड्यांत निकेलविरहित लोह-फॉस्फेट बॅटरी असते, हेही नोंदवायला हवे. पण विकताना पल्ला सांगतात, धातूचे गाव नाही. युरोपीय संघाने मात्र फेब्रुवारी २०२७ पासून वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा ठरवला आहे.