रद्दीवाला दारात उभा आहे!

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी दोन गोष्टी हटकून घडतात. चकलीच्या भाजणीवरून आमच्या सौभाग्यवतींचे आणि आत्याचे मतभेद होतात, आणि माळा आवरण्याचे काम माझ्या गळ्यात पडते. प्राध्यापकाला सुट्टीत दुसरे काय काम असणार, असा घरातल्या सर्वांचा ठाम समज आहे.

यंदाचे आवरणे मात्र नेहमीचे नव्हते. नारायण पेठेतला आमचा वाडा येत्या वर्षी पडायचा आहे. तिथे इमारत उभी राहील, लिफ्ट येईल, नळाला चोवीस तास पाणी येईल असे म्हणतात. सगळ्या भाऊबंदांच्या सह्या झाल्या आहेत. त्यात माझीही आहे; तेव्हा मी अश्रू ढाळायला बसलो तर वाचकांनी खुशाल हसावे.

माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आत लाल फडक्यात बांधलेले कागद. कडांना गाळाचे तपकिरी डाग. "पानशेतचं पाणी ते," आत्या खालूनच म्हणाली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले तेव्हा ती कॉलेजात होती. पेटी वर नेली कुणी, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागले, हे ती आजही काल घडल्यासारखे सांगते.

रद्दीवाला दारातच उभा होता. "साहेब, हेपण देताय ना?"

खरे सांगतो, मी देणार होतो. कागद मोडीत होते. मी मराठीचा एम.ए., वीस वर्षे मराठी शिकवतो, आणि माझ्याच पणजोबांचे अक्षर मला वाचता येईना! वाचता येत नाही ती रद्दी, इतका सोपा हिशेब होता. पण आत्या म्हणाली, "थांब. पेशव्यांची सनद असेल त्यात."

आमच्या घराण्यात ही सनद फार जुनी आहे. म्हणजे तिची गोष्ट जुनी आहे. पेशव्यांनी आमच्या पूर्वजाला वाडा बक्षीस दिला, असे लहानपणापासून ऐकत आलो. म्हटले, पाडण्यापूर्वी एकदा खरे-खोटे करून टाकू. रद्दीवाल्याला वर्तमानपत्रांवर बोळवले आणि मी कामाला लागलो.

हे काम कसे करतात ते सांगतो. तुमच्याही घरात अशी एखादी पेटी असेलच.

पहिले साधन म्हणजे घरातले सर्वांत वयस्क माणूस. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. मी आत्याला वाड्यातून फिरवले आणि ती बोलेल ते लिहून घेतले. बाळंतिणीची खोली कोणती, आड कुठे बुजवला, कोणती भिंत मागाहून घातली. घरातले जुने फोटो तिच्यापुढे ठेवले आणि प्रत्येकाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहिली. शाईने लिहू नये, ती पुढल्या बाजूस उमटते.

दुसरे साधन सरकारी. नगर भूमापन कार्यालयात सिटी सर्व्हे नंबर सांगितला की मिळकत पत्रिकेचा उतारा मिळतो. त्यावर मालकांची नावे आणि मालकी कशी बदलत गेली याच्या नोंदी असतात. खेड्यात घर किंवा जमीन असेल तर तलाठी आणि तहसील कचेरी गाठावी, सातबारा आणि जुने फेरफार काढावेत. नोंदीवरून नोंद सापडते. मात्र दोन-चार खेपा घालण्याची तयारी हवी.

तिसरे साधन छापील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुण्यावर आहे, १८८५ सालचा, तीन भागांत. एकेका पेठेची माहिती त्यात आहे. आपले घर त्यात नसते, पण आपली गल्ली असते. राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड संगणकावर खुले केले आहेत; तेव्हा ते घरबसल्या वाचता येतात.

आणि मग मोठी दप्तरे. राजवाड्यांनी १९१० साली स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्यापासून चालत जाण्याइतके जवळ. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, तिथले कागद कोटींनी मोजावेत. त्यातले निवडक सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले. तिथे कागदांच्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. आमचे लाल फडके म्हणजे एक धाकटा रुमालच होता तर! मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून असेच कागद निवडून १८९७ पासून छापले. इतिहास असा कुणाच्या तरी घरातूनच बाहेर पडतो.

मोडीचे वर्ग आजही भरतात. माझ्याच एका विद्यार्थिनीने तसा वर्ग केला होता. गुरुजींनी शिष्येपुढे पाटी घेऊन बसावे तसा मी बसलो. तिने कागद उलगडला आणि हळूहळू वाचू लागली. सनद नव्हती ती. खरेदीखत होते, शके १७९०, म्हणजे इसवी सन १८६८. पेशवाई बुडून पन्नास वर्षे झालेली. एका विधवा बाईने नवऱ्याचे कर्ज फेडण्यासाठी घर आमच्या पूर्वजाला विकले होते. तिला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी लिहिले होते, 'निशाणी बांगडी'. नवरा गेलेल्या बाईची निशाणी बांगडी! दस्तऐवजाची रीतच तशी होती.

संध्याकाळी आत्याला सांगितले. पेशवे गेल्याचे तिला वाईट वाटेल असे मला वाटले होते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याआधी एक बाई या घरातून अशीच बाहेर पडली."

यावर मला काही बोलता आले नाही. सही माझीही होती.

शंभर वर्षे झाली की वास्तूला आपोआप संरक्षण मिळते, असा पुष्कळांचा समज असतो. १९५८ चा कायदा शंभर वर्षांची अट घालतो हे खरे, पण सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांनाच तो कायदा राखतो. पुण्यामुंबईसारख्या शहरांत महापालिकेची वारसा वास्तूंची यादी निराळी असते. तीत आपले घर आहे का, हे सह्या करण्यापूर्वी पाहावे. आमचे नव्हते. तेव्हा राखता येईल तेवढे राखले. टेप धरून एकेका खोलीचा नकाशा काढला. तुळया, खण, देवळीसुद्धा फोटोत घेतल्या. कागदांना चिकटपट्टी लावली नाही, प्लास्टिकमध्ये बंद केले नाहीत. त्याने कागद वाचत नाहीत, मरतात. छायाचित्रे काढून मूळ कागद कोऱ्या सुती फडक्यात, कोरड्या जागी ठेवले.

आत्या आता रोज संध्याकाळी अर्धा तास बोलते आणि मी लिहितो. वही अर्धी भरली आहे. त्या विधवेचे नाव पहिल्या पानावर लिहायचे, असा आत्याचा हुकूम होता. त्याप्रमाणे लिहिले आहे.

तुमच्याकडेही आज-उद्या रद्दीवाला येईल. त्याला म्हणावे, तुळशीच्या लग्नानंतर ये. तेवढ्या दिवसांत ती पेटी एकदा उघडून पाहा. आणि त्याआधी, घरात कुणी आत्या असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा.