कृपया बंद करू नका

अतिथी तिथी सांगून येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण तो निदान कडी तरी वाजवतो. कॉम्प्युटरचं अपडेट मात्र थेट माजघरात घुसतं, यजमानाला बाहेर काढतं आणि वर आतून बजावतं, "कृपया बंद करू नका!" अहो, यंत्र आमचं, वीजबिल आमच्या नावावर, आणि व्हरांड्यात आम्हीच!

बरं, आलंय तर काम उरकून जावं, तेही नाही. टक्के मोजता मोजता मध्येच फतकल मारायची. मग नातेवाइकांचे सल्ले. आमच्याकडे यात दोन घराणी आहेत. साताऱ्याचे दाजी पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांचा हुकूम एकच, "उपट ती वायर!" सांगलीच्या मामांची हयात हळदीच्या अडतीवर गेली. ते म्हणतात, "लेका, दोन तास हात लावू नकोस. हळद शिजायला घातल्यावर काहिलीत कुणी बोटं घालतं का?"

निवाडाच द्यायचा, तर सीपीयूवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर मामा खरे. दोन-तीन तास दिवाही मेला आणि टक्काही हलेना, की दाजी खरे. सुरू होताना दोन-तीनदा अडखळलं, तर विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथून नवं अपडेट काढून टाकता येतं.

पण मुळात हे आम्ही का शिकायचं? जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक सुरक्षा-अपडेट कित्येकांकडे बसेना. पडद्यावर नुसता आकडा : ०एक्स८००७०६४३. कारण काय, तर डिस्कमधला दुरुस्तीसाठी राखलेला कप्पा लहान पडला. मायक्रोसॉफ्टनंच कबूल केलं, की संदेशसुद्धा चुकीचा होता. 'जागा अपुरी' असं यायला हवं होतं. आणि उपाय? ग्राहकानं काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून तो कप्पा २५० एमबीनं वाढवावा! मामांना हे सांगितलं, तर ते हरिपूरच्या पेवांवर गेले. "जमिनीतलं पेव लहान पडलं म्हणून शेतकऱ्याच्या हातात कुदळ दिली असती, तर त्यानं ती आमच्याच डोक्यात घातली असती!"

अपडेटच नको, असं कुणी म्हणत नाही. चोर वाढले, कुलूप बदलायलाच हवं. पण कुलूपवाल्यानं घरमालकालाच बाहेर कोंडायचं नसतं. ई-सेवा केंद्रात अर्जाची शेवटची तारीख, दारात पोरांची रांग आणि पडद्यावर टक्के! तारीख हुकली तर पोराचं वर्ष जातं. कंपनीचं काय जातं?

म्हणून आमचं मागणं तीन ओळींचं. यायच्या आधी विचारा. बिघडलं तर आकडा नको, मराठीत कारण सांगा. आणि तुम्ही बिघडवलेलं तुम्हीच निस्तरा. एवढं जमत नसेल, तर त्या पडद्यावर निदान खरं तरी लिहा : "कृपया बंद करू नका. पुढं काय होणार, ते आम्हालाही ठाऊक नाही."