वीस वर्षं न उपसलेल्या टाकीची बढाई

“आमच्या टाकीले वीस वर्सं झाले, एकडाव उपसा लागली नाई.” तिवस्यात, कुऱ्ह्यात, वरखेडात, कुठंही घरबांधणीचा विषय निघाला की कुणीतरी हे छाती फुगवून सांगतं आणि ऐकणारे त्या गवंड्याचा फोन नंबर मागून घेतात. माझ्या मते अशा टाकीच्या मालकाने बढाई मारू नये, शेजाऱ्याची माफी मागावी.

मुळात संडासची टाकी ‘भरत नाही’ हेच खोटं. वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती पाण्याने भरते आणि पुढं कायम भरलेलीच राहते. जेवढं पाणी आत येतं, तेवढं दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्यात जातं. मागं राहतो तो गाळ. तळाचे जंतू त्यातला काही भाग पचवतात, सगळा नाही; उरलेला वर्षागणिक चढतो. मग वीस वर्षांचा गाळ गेला कुठं? एक तर टाकीला तळच घातलेला नाही किंवा ती फुटली आहे, आणि मैला थेट जमिनीत मुरतोय. नाहीतर टाकी गाळाने कधीच गच्च झाली असून येईल तसा मैला शोषखड्ड्यात नाहीतर नालीत उतरतोय.

आणि आपली जमीन कसली? काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून पाणी घ्यायला नकार. त्याखाली काळा पाषाण, त्याच्या फटींतून घाण कुठल्या विहिरीत निघेल याचा नेम नाही. सेप्टिक टाकीचं भारतीय मानक (2470) सांगतं की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर, म्हणजे 59 फूट दूर हवा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटचा कर्णच 50 फूट भरतो. म्हणजे त्या प्लॉटवर बोअर आणि शोषखड्डा दोन्ही असले, तर नियम मोडलेलाच आहे. शेजाऱ्याची बोअर कुठं आहे हे तर आपण विचारतही नाही.

दुसरा पक्ष पावडरवाल्यांचा. कुणी पुडी टाकतं, कुणी गूळ. टाकीला लागणारे जंतू मैल्यासोबतच येतात. म्हणूनच उपसताना थोडा जुना गाळ विरजणापुरता ठेवायचा असतो, टाकी धुऊन लख्ख करायची नसते. वाळू, प्लास्टिक, पॅड हे कुठल्याच पुडीने विरघळत नाहीत. या पक्षावर याहून जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या पक्षाचं म्हणणं मात्र ऐकून घेववत नाही: “गाडी कशाला? दोन माणसं उतरवू, स्वस्तात होते.” ती दोन माणसं कुठल्या वस्तीतून बोलावली जातात, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. 2013 च्या कायद्याने सेप्टिक टाकीत असं माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. ही मनाई नगरपंचायतीपुरती नाही, घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. “वास येत नाही, म्हणजे गॅस नाही” हा तर जीवघेणा समज. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. “गाडीवाला तरी नेऊन कुठं ओततो? नाल्यातच ना?” पुष्कळदा हो. स्वस्त गाडी स्वस्त असते, कारण ती लांब जात नाही. पण याचा उपाय न उपसणं हा नव्हे. खरा उपाय सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने करून दाखवला. तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसायची, मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा आणि ठेकेदाराला कामाप्रमाणे पैसे द्यायचे. ही काही महानगरं नाहीत. पहाटे उठून गाव झाडायला शिकवणाऱ्या तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आपल्याच तालुक्यात आहे. त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला आणि ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय आहेत. रस्ता झाडून झाल्यावर रस्त्याखालीही बघायला हवं. नगरपंचायतीच्या सभेत हा विषय तिवसेकरांनीच लावून धरला पाहिजे.

तोवर घरमालकाच्या हातात बरंच आहे. एका लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळा. टाकीचं झाकण काढून वारं खेळू द्या, जवळ विडी-काडी नको, तोंड आत घालू नका. काठी तळाला टेकवून सावकाश वर काढा. फडकं खालून जिथपर्यंत काळं चिकट झालं असेल, तेवढा गाळ. तो पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला असेल, तर गाडी बोलवायची वेळ झाली. गाडीवाल्याला भाव विचारण्याआधी विचारा: नगरपंचायतीकडे नोंद आहे का, पाइप टाकीपर्यंत पोहोचतो का, कुणाला आत उतरवणार नाही ना, आणि मैला कुठं रिकामा करणार? चौथ्या प्रश्नाला जो हसतो, त्याला परत पाठवा. उपसा झाल्यावर आतली आडवी भिंत आणि टी-पाइप शाबूत आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात बाहेरूनच बघा आणि झाकणावर रंगाने तारीख घाला.

हे सगळं मृगाच्या आधी उरका. पाऊस लागला की काळ्या मातीत टँकरचं चाक रुततं, आणि भुईतलं पाणी चढलेलं असताना रिकामी केलेली टाकी बाहेरच्या दाबाने उचलली जाते किंवा तडकते.