अडलेले अपडेट आणि अगतिक नागरिक

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज भाताच्या खाचरांपेक्षा गोदामांसाठी अधिक ओळखले जाते. वळ, दापोडे, पूर्णा, मानकोली या पट्ट्यात पत्र्याच्या प्रचंड छपरांखाली दूरदूरचा माल साठवला जातो, आणि कोणती पेटी कोणत्या ट्रकात चढवावयाची हे बव्हंशी संगणक ठरवितो. गोदामात शेकडो हातांना कामाला लावणारे हे यंत्र घरी आले म्हणजे मात्र घरधन्याला किती अगतिक करून सोडते, याचा एक नमुना २०२५ च्या जूनमध्ये याच गावी पाहावयास मिळाला.

एका शिक्षकांच्या घरचा संगणक काही दिवसांपासून अपडेट घेईनासा झाला होता. ‘अपडेट उतरवून घेता आले नाही’ एवढेच सांगून तो एक लांबलचक आकडा दाखवी आणि गप्प बसे. दिवस अकरावीच्या प्रवेशाचे. ही प्रक्रिया त्याच वर्षापासून राज्यभर ऑनलाइन झालेली. कन्येचा अर्ज भरावयाचा, तर प्रवेशाचे पानही धड उघडेना. मास्तरांना तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला, ‘फॉरमॅट मारा.’ दुसरा म्हणाला, ‘नवा घ्या.’ तिसऱ्याने तर अपडेटची कटकट कायमची बंद करून देण्याची तयारी दाखविली. अखेरीस त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. तो म्हणाला, “सर, तुमच्या संगणकात अजून २०१७ साल चालू आहे.”

दुखणे तेवढेच होते. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालते राहावे म्हणून आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. ती आठ वर्षांनी संपली आणि घड्याळ मागे गेले. इंटरनेटवरील प्रत्येक विश्वासू ठिकाण आपल्या ओळखीचा मुदतबंद दाखला पुढे करते. २०१७ मध्ये अडकून पडलेल्या यंत्राला २०२५ चा दाखला खोटा वाटणारच! त्यामुळे अपडेटही नाही आणि प्रवेशाचे पानही नाही. नवी बॅटरी बसली, तारीख दुरुस्त झाली आणि दोन्ही कामे सुरळीत झाली. फॉरमॅटचा सल्ला मानला असता, तर घरची छायाचित्रे आणि शाळेची कागदपत्रे पुसली गेली असती, अन् दोष जागच्या जागीच राहिला असता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते याहून वेगळे काय?

या प्रसंगातील तिसरा सल्ला सर्वांत धोक्याचा होता. अपडेट म्हणजे कंपन्यांनी मांडलेला उगाचचा उपद्व्याप, अशी अनेक सुशिक्षितांचीही समजूत आहे. तिला उत्तर वळच्या गोदामांना माल पुरविणाऱ्या बंदरानेच दिलेले आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक गंभीर भगदाड बुजविणारे अपडेट जारी केले. ज्यांनी ते घेतले नाही त्यांच्यापैकी लक्षावधी संगणकांवर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने घाला घातला. फायली कुलूपबंद करून त्याने खंडणी मागितली. पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. आत शिरल्यावर फैलावण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यांतील एक म्हणजे तेच भगदाड. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे व्यवहार कोलमडले आणि तिच्याच उद्योगसमूहाकडे असलेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही ठप्प झाले. घरच्या संगणकात बंदराचा माल नसेल. परंतु बँकेचा व्यवहार, विद्यार्थ्यांची माहिती आणि आयुष्यभराची छायाचित्रे असतात. दार उघडे टाकून झोपण्याचे धाडस कोणी करू नये.

तथापि न्यायाच्या तराजूला दुसरे पारडेही असते. त्याच ‘नॉटपेट्या’चा प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता, हे विसरता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट काही जणांच्या फायलीच पुसून टाकीत असल्याचे उघड झाले आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लक्ष संगणक निळ्या पडद्यावर आणून ठेवले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. तेव्हा अपडेट फसले की गृहस्थानेच काही चुकीचे केले असले पाहिजे, हा समज सोडून द्यावा. कधी चूक त्याची असते, कधी यंत्राची आणि कधी साक्षात निर्मात्याची.

मग सामान्य माणसाने करावे तरी काय? वैद्य ज्या क्रमाने रोग्याला तपासतो, त्याच क्रमाने यंत्राला तपासावे. सोपे व निरुपद्रवी उपाय आधी, जालीम उपाय शेवटी. पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवणे. ही खरे तर रोजचीच सवय असावी. दुसरे, पडद्यावर दिसणारा आकडा जसाच्या तसा वहीत उतरविणे. तो निरर्थक नसतो. शेवटी ‘८००७००७०’ असे अंक आले, तर डिस्कवर जागा उरलेली नाही असा त्याचा सरळ अर्थ. विंडोजच्या मोठ्या अपडेटला वीसेक गिगाबाइट मोकळी जागा लागते, आणि जुन्या चित्रपटांनी भरलेल्या डिस्कवर ती कोठून असणार? तिसरे, तारीख, इंटरनेटची जोडणी आणि बाहेरून लावलेली उपकरणे यांची तपासणी. छापयंत्र, पेन ड्राइव्ह काढून ठेवून संगणक एकदा पुन्हा सुरू केला, तरी कित्येक अपडेटे मुकाट्याने बसतात.

एवढ्याने भागले नाही, तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये अपडेटचे दोष शोधणारी सोय आहे, तिचा उपयोग करावा. अर्धवट उतरलेल्या फायली जेथे साठतात त्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डराचे नाव, अपडेटची सेवा तात्पुरती थांबवून, बदलले की यंत्र नव्याने माल मागविते. त्यापुढची पायरी ‘डी-आय-एस-एम’ व ‘एस-एफ-सी’ या दोन आज्ञांची. पहिली दुरुस्तीचे मूळ साहित्य नीट करते आणि दुसरी त्या साहित्याने बिघडलेल्या फायली बदलते. म्हणून त्या याच क्रमाने द्याव्यात. यंत्र सुरूच होत नसेल, तर विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावरून शेवटचे अपडेट काढून टाकता येते. मात्र डिस्क सांकेतिक कुलुपाने बंद असेल, तर तेथे ४८ अंकी किल्ली विचारली जाते. ती आधीच कागदावर लिहून ठेवलेली नसेल, तर ऐन वेळी कपाळाला हात लावण्याची पाळी येते. आणि सर्वांत मोठे पथ्य हे की, अपडेट बसत असताना वीज तोडू नये. पडदा थिजलेला दिसला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर दोन तास धीर धरावा.

यातील एकही गोष्ट पदवीधराला, किंबहुना दहावीच्या विद्यार्थ्यालाही, अवघड नाही. अवघड आहे ती यंत्राची भाषा. विंडोजला मराठी पोशाख चढविता येतो, हे खरे. पण बिघाडाच्या घटकेला तो गळून पडतो आणि उरतो तो केवळ आकडा. जानेवारी २०२४ मधील उदाहरण पाहा. विंडोज १० चे एक सुरक्षा अपडेट असंख्य घरगुती संगणकांवर बसेना. खरे कारण एवढेच की, दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा कप्पा लहान पडत होता. पडद्यावर मात्र शेवटी ‘८००७०६४३’ असलेला, अपडेट बसले नाही एवढेच सुचविणारा आकडा उमटे. कप्पा हाताने वाढविण्याची कृती मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केली. पण तीतल्या आज्ञा लिहिताना एक अक्षर चुकले तर दुसराच कप्पा पुसला जाण्याची भीती. घरातल्या माणसाने हे धाडस करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे रुग्णाच्या हाती सुरी देऊन त्यालाच शस्त्रक्रिया करावयास सांगणे होय.

आणखी एक भेद स्पष्ट सांगितला पाहिजे. अपडेट फसणे वेगळे आणि नाकारले जाणे वेगळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली, तीही नाव नोंदविणाऱ्यांनाच. विंडोज ११ ला टी-पी-एम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या कसोटीला उतरत नाहीत. अशा यंत्रावर कितीही उपचार केले तरी व्यर्थ, कारण तेथे बिघाड नसून धोरण आहे. चांगल्या चालत्या यंत्राला भंगाराचा रस्ता दाखविणाऱ्या या धोरणाची चर्चा व्हावयास हवी. तोपर्यंत, ज्यांचे काम लेखन, हिशेब आणि इंटरनेट एवढ्यापुरते आहे, त्यांनी लिनक्सचा पर्याय आजमावून पाहण्यास हरकत नाही.

शासन नागरिकाला संगणकाच्या दारात उभे करते. शिक्षकाने यू-डायसची माहिती भरावी, विद्यार्थ्याने प्रवेश घ्यावा, उमेदवाराने अर्ज करावा, सारे काही पडद्यावर. ही सक्ती असेल, तर यंत्र अडल्यास विचारावयाचे ठिकाणही असले पाहिजे. दिल्लीची सर्ट-इन ही संस्था धोक्यांच्या सूचना प्रसिद्ध करीत असते. परंतु त्या वळच्या मास्तरांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचतात काय? माध्यमिक शाळांत संगणक-कक्ष आहेत, गावोगाव ग्रंथालये आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे जाणत्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी ‘संगणक-तपासणी’साठी द्यावी आणि बिघाडाचे आकडे व त्यांचे अर्थ मराठीत लिहिलेला एक तक्ता भिंतीवर लावावा. यासाठी ना मोठा निधी लागतो, ना मंत्र्यांचे उद्घाटन. निर्मात्या कंपन्यांकडून मात्र आग्रहाने मागावयास हवे की, ज्या भाषेत तुम्ही माल विकता, त्याच भाषेत त्याचे दुखणेही सांगा.

वळच्या त्या घरी कन्येचा अर्ज मुदतीत गेला, तो कोणा तज्ज्ञामुळे नव्हे. एका मुलाने घाई न करता आधी घड्याळ पाहिले म्हणून. त्याने पाहिले नसते, तर एका चपट्या बॅटरीपायी एका मुलीचे वर्ष टांगणीला लागले असते. अशा किती मुलींच्या घरी असा मुलगा नसतो, याचा विचार धोरणकर्त्यांनी करावा.